काशी म्हशीपायी आगाशीला

परत आल्यापासून दूध संस्थेच्या कट्ट्यावर जी ती बाई मला एकच विचारते, "वसईचा किल्ला बघितलास का गं? समुद्र कसा होता?" बायांनो, मी पाच दिवस तिकडं होते आणि त्यातला निम्मा वेळ एका म्हशीच्या शेपटीमागं उभी होते. किल्ला बघितला तो स्कूटरवरून, मान वळवेपर्यंत मागं गेला. समुद्र दिसला नाही, त्याचा वारा तेवढा खाल्ला. पण तिथं माझी जी खोड मोडली ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुमन. सांगोला तालुक्यात राहते आणि गेली सोळा वर्षं गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करते. म्हणजे जातिवंत रेड्याचं वीर्य बारीक कांडीत गोठवून ठेवलेलं असतं, ते म्हैस माजावर आली की नळीनं तिच्या गर्भाशयात सोडायचं. आमच्याकडं त्याला सरळ म्हैस भरवणं म्हणतात. पहिल्या वर्षी बाप्ये तोंडावर हसायचे, "बाईमाणूस आन् हे काम?" आता तेच दारात मोटारसायकल लावून "सुमनताई, चला की लवकर" म्हणून आर्जवं करतात. ह्याचा मला गर्व होता. होता म्हणते, कारण गर्वाचं घर खाली असतं हे मी आता स्वतः बघून आले.

माझी धाकटी बहीण शोभा आगाशीला बागायतदाराच्या घरी दिली आहे. चार वर्षांमागं मी माझ्या गोठ्यातली एक पंढरपुरी जातीची तरणी वगार टेम्पोत घालून तिच्याकडं पाठवली. तीच ही काशी. पहिल्या वेताला तिनं घरादाराला दुधात न्हाऊ घातलं. मग आटली ती आटलीच. तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली. दीड वर्षं नुसती खाऊन उभी. माघात शोभाचा फोन आला तो रडतच.

"आक्का, नानांनी व्यापाऱ्याला सांगितलंय. रविवारी टेम्पो येणार."

नाना म्हणजे तिचे सासरे. भाकड म्हैस व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढली की पुढं कुठं उतरते ते मला कुणी सांगायला नको.

"मग तू काय बोललीस?"

"मी रडले. मग म्हणाले, तुझी बहीण एवढी हुशार आहे ना, येऊन बघू दे तिला. तिनं भरवली आणि आशा आहे म्हणाली तर तीन महिने थांबतो. नाही म्हणाली तर रविवारी जाईल."

मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

गुरुवार, आगाशी

विरारपर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. बसले, झोपले, उतरले. गंमत झाली ती विरारहून आगाशीला जाणाऱ्या बसमध्ये. काशीसाठी मी पाच किलो क्षार मिश्रण घेतलं होतं. ही पांढरी भुकटी असते, खाद्यात घालतात, जनावराच्या अंगातली कमतरता भरून निघते. पिशवी कधी फाटली कुणास ठाऊक. कंडक्टर ओरडला, "बाई, सिमेंट सांडताय की काय?" खाली बघते तर शेजारच्या मावशीच्या सुक्या मासळीच्या पाटीवर पांढरा थर!

"अगो, माज्या बोंबलाना पावडर लावलीस गो!" ती म्हणाली.

मी मेल्याहून मेल्यासारखी. माफी मागायला तोंड उघडलं तर ती खो खो हसत सुटली. पाटी झटकली, स्वतःच्या पिशवीतून एक पिशवी काढून दिली आणि माझी भुकटी भरू लागली. कशाला आणली ते सांगितल्यावर म्हणाली, "म्हशीसाठी एवढ्या लांबून आलीस? बरा होईल तुजा." आमच्याकडं अशा वेळी आधी भांडण होतं, मग ओळख निघते. इथं भांडणाचा भाग गाळलाच.

शोभाचं घर केळीच्या वाडीत. पाणी इथं कुठं शोधावं लागत नाही. वाडीच्या मधोमध एक तळं आहे, त्याला ही माणसं बावखल म्हणतात. पूर्वी वाडीगणिक एक असायचं म्हणे, आता पुष्कळ बुजवली. आमच्याकडं टँकरची वाट बघत जनावर उभं असतं, आणि इथं काशी रोज पहाटे बावखलात डुंबते. मला आधी आनंद झाला आणि मग पोटातून हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

काशी मला बघून हंबरली का? नाही. तिनं माझ्या पदराचा वास घेतला आणि पेंढ्यात तोंड घातलं. अंगानं चांगली होती, फक्त कातडी जरा राठ. तिची शिंगं खांद्याच्या मागं गेलेली, तलवारीसारखी. तिकडं अशी शिंगं कुणी बघितलेली नसतात. गोठ्याचं दार तिच्यासाठी दोन्ही बाजूंनी फोडून रुंद केलंय, आणि तरी ती आत शिरताना मान तिरकी करते. शेजारची पोरंबाळं पाहुण्यांना घेऊन येतात, "चला, शिंगं दाखवतो."

रात्री जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि वर सुकेळी. सुकेळी म्हणजे पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवलेली, मधासारखी लागतात. मी ज्वारीची माणूस. तांदळाची भाकरी आमच्याकडं आजाऱ्यालाच. पहिला घास जरा संशयानं घेतला आणि मग चार खाल्ल्या.

हे सगळं केलं होतं शोभाच्या सासूनं, तारामावशींनी. साठी ओलांडलेली, बारीक चणीची बाई. वाढताना "आनखी घे, आनखी घे" करत होत्या, पण माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. मी त्यांच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं, त्या चुलीकडं वळल्या. काशी किती दिवसांपूर्वी माजावर आली होती विचारलं, तर "शोभाला ठावूक" म्हणून ताट उचलून गेल्या. मला वाटलं, बागायतदारीण आहे, माणदेशातली पाहुणी हिच्या डोळ्यांत भरत नसेल. नाकाला मिरच्या झोंबल्या जरा माझ्या. म्हटलं, असू दे, आपण कामाला आलोय.

शुक्रवार, चिंचोटीच्या वाटेवर

पहाटे उठून मी मावशींच्या मागोमाग बावखलावर गेले. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहून काथ्याच्या चुंबळीनं काशीला घासत होत्या. पाठ, पोट, मांड्या, शेपटीचा गोंडा, सगळं लख्ख. आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

गाय माजावर आली की गाव गोळा करते. म्हैस मुकी असते. तिचा माज बहुतेक पहाटे, थंडीत, आणि खूण काय, तर शेपटीला लागलेला सोट, अंगावरून जाणारा चिकट स्राव. एवढीच. आणि ती खूण हे लोक रोज सूर्य उगवायच्या आत धुऊन टाकत होते! घरातली माणसं उठायची तोवर काशी स्वच्छ होऊन दावणीला. मग माज कळणार कसा? कधीतरी दुपारी कुणाच्या लक्षात यायचं, फोन व्हायचा, तोवर वेळ टळलेली. तीन वेळा उलटली ती म्हशीच्या दोषानं नव्हे, आंघोळीनं.

मी तिथंच ताडताड बोलले. "मावशी, अहो, माज दिसणार कसा, तुम्ही रोज धुऊन टाकताय! आजपासून मी सांगेपर्यंत हिला पाण्यात नेऊ नका."

मावशी काहीतरी बोलणार होत्या. ओठ हलले त्यांचे. मग मान खाली घालून "बरा" म्हणाल्या आणि काशीला बाहेर काढलं. मी विजयी मुद्रेनं घरी आले. त्या बाईला काय सांगायचं होतं ते विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवसभर मी पास्कलभाऊंबरोबर होते. ते वसईतले, माझ्यासारखंच काम करतात, वीस वर्षं. स्कूटरच्या पायाशी द्रवनत्राचं, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचं, जड पात्र. त्यात थंडगार वाफेखाली कांड्या असतात. त्यांच्या भागात मुऱ्हा म्हशी जास्त, पण माझा फोन गेल्यावर त्यांनी कुठून कुठून खटपट करून पंढरपुरी रेड्याच्या दोन कांड्या मिळवल्या होत्या. ओळख ना पाळख, आणि हे एवढं! मी आभार मानू लागले तर म्हणाले, "आभार नंतर मान, बाय. आधी पाव खा." वसई गावात एका बेकरीसमोर स्कूटर लावून त्यांनी मला गरम पाव खायला घातला. माझा थर्मामीटर पिशवीत फुटला होता, तो नवा घेऊन दिला. किल्ला ह्याच वाटेवर लागला.

मग ते मला चिंचोटीच्या पुढं, कामणच्या बाजूला एका तबेल्यात घेऊन गेले. बायांनो, शंभरावर म्हशी एका छपराखाली! एकाला एक लागून. दूध म्हणाल तर धारांचा आवाज पावसासारखा. मी इकडंतिकडं बघून विचारलं, "रेडा कुठाय? आणि रेडकं?"

तिथला मुकादम हसला. "रेडा कशाला ताई? इथं व्यालेली म्हैस येते, दूध देते, आटली की जाते. दुसरी येते."

"परत गाभण नाही करत?"

"आटल्यावर दहा महिने उभी ठेवायला जागा कुठं आहे?"

आमच्याकडं म्हैस आठ-दहा वेतं काढते, म्हातारी होते, तिच्या नाती गोठ्यात असतात. इथं एका वेताचा संसार. मला राग आला, पण कुणावर काढू? जागा खरंच नाही, वैरण विकतची, आणि सकाळी सहाला मुंबईला दूध पाहिजेच. पास्कलभाऊ म्हणाले, "आता दोन-तीन तबेलेवाले माझ्याकडून भरवून घेतात. मी मागं लागून लागून. हळूहळू होईल." वीस वर्षं हा माणूस हळूहळूच म्हणत असणार. मला त्यांचा फार आदर वाटला. कोपऱ्यात सहा म्हशी वेगळ्या बांधल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात पेंड नव्हती. आटलेल्या असणार, टेम्पोची वाट बघत असलेल्या. परत येताना मला काशीच डोळ्यांपुढं दिसत होती.

घरी पोचतो तर शोभा फाटकातच उभी.

"आक्का! सोट दिसला! शेपटीला! आणि दुपारपासून खात नाहीये, एकदा ओरडली पण!"

मी देवाला हात जोडले. रविवारचा टेम्पो, आणि शुक्रवारी संध्याकाळी माज! ह्याला काय म्हणायचं? संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायचं, हा आमचा नियम. अंधार पडला होता, काशी अंगाखाली शेपटी घेऊन बसली होती. मी तिला उठवलं नाही. शोभानं बघितलंय ना, बास. पास्कलभाऊंना सकाळी सातला बोलावलं. नाना जेवताना पहिल्यांदा माझ्याशी मोकळं बोलले, "ताई, तुम्ही पायगुणाच्या." मी फुगले. मावशींनी त्या रात्री जेवण टाकलं. पोटात बरं नाही म्हणाल्या.

शनिवार, गोठ्यात

सात वाजता गोठ्यात ही गर्दी. नाना दावं धरून. पास्कलभाऊ शेपटी बाजूला धरून. शोभा, तिचा नवरा प्रशांतराव, आणि शेजारच्या दोन बाया, "बाई कशी भरवते ते बघू" म्हणून आलेल्या. प्रेक्षक असले की मला चेव येतो, तो माझा जुना रोग.

मी विचारलं, "मागच्या वेळी कधी भरवली होती?"

"भादव्यात," शोभा म्हणाली. "त्यानंतर काहीच नाही."

पाच महिने झाले म्हणजे, आणि त्या वेळी ती उलटली होती हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. झालं, माझा हिशेब संपला. कांडी कोमट पाण्यात सोडली, घड्याळ लावून बाहेर काढली, पुसली, गनमध्ये, म्हणजे त्या लांब नळीत, भरली. डाव्या हातात खांद्यापर्यंतचा मोजा घालून हात आत घातला.

इथं तुम्हाला जरा कामाचं सांगावं लागेल. डावा हात शेणाच्या वाटेनं आत घालून गर्भाशयाची मान पकडायची आणि उजव्या हातानं गन त्या मानेतून पुढं न्यायची. काशीची मान मला नेहमीपेक्षा पुढं ओढल्यासारखी लागली. घट्ट मिटलेलीही होती. सोळा वर्षांचा माझा हात थबकला. पण मन म्हणालं, असेल, मोठ्या हाडाची म्हैस आहे. उद्या टेम्पो येतोय. सगळे बघतायत. भरव आणि मोकळी हो.

गनचं टोक आत गेलं आणि माझ्या उजव्या मनगटावर कुणाची तरी पकड बसली. अशी घट्ट की बांगडी रुतली.

तारामावशी होत्या. धापा टाकत. "थांब," म्हणाल्या. "पुढं नको नेऊस. ती गाभन हाय."

"कोन म्हनतो?" नाना ओरडले.

"मी म्हनते. मी नेली होती तिला."

मी गन इकडंतिकडं न हलवता सरळ मागं घेतली, हात बाहेर काढला. गाभण म्हशीच्या गर्भाशयाच्या मानेतून गन गेली असती तर पोटातलं पोर गेलं असतं. माझ्या हातानं. टेम्पोच्या आदल्या दिवशी.

"कुठं नेली होती, मावशी?" मी विचारलं.

"भाऊबीजेला. शोभा तुज्याकडं आलेली, हे दोगं बापलेक विरारला पावन्यांकडं. पहाटे घासताना मला सोट दिसला, काचेसारखा, लांबच लांब. मला दर येळेला दिसतो, मीच धुते ना तिला. म्हटलं आता फोन करून मानूस येईपर्यंत येळ जाईल. पलीकडच्या वाडीत रेडा हाय. घेऊन गेले."

"मग सांगितलं का नाहीस?" नाना म्हणाले.

मावशींनी नानांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा सरळ.

"तू फोनवर बोललीस ना दिवाळीच्या आदी. फोन मोठ्यानं लावलेला. गावठी रेड्याकडं नेलीत तर म्हैस परत नेईन, सासूला सांग, जुन्या खोडी सोड म्हनावं. मग कोन सांगनार?"

आगं बया! बोललेच होते मी तसं. शब्दन् शब्द. शोभाला हसत हसत, माझ्या ओसरीवर बसून, चहा पीत. चांगल्या वळूच्या कांड्या सोडून लोक दिसेल त्या रेड्याकडं नेतात ह्याचा मला संताप आहे आणि तो बरोबरही आहे. पण ज्या बाईनं माझी म्हैस चार वर्षं रोज पहाटे थंड पाण्यात उभं राहून घासली, तिच्याशी बोलायची ही रीत होती का? ती बाई तीन महिने माझ्या भीतीनं गप्प बसली. आणि काल बावखलावर तिचे ओठ हलले तेव्हा मी तिला बोलू दिलं नाही.

"काल सोट दिसला म्हनाले तेव्हा मला वाटलं, नाय राहिली," मावशी सांगत होत्या. "रेडा फुकट गेला. तू भरवशील तर बरंच होईल म्हटलं. रातभर झोप नाय. आता चूल पेटवायच्या आदी येऊन शेपटीचा बघितला, बोटावर घेतला. ताणला तर तुटतो. घट्ट, पांढुरका. माजाचा नाय तो. मी हात धुवायला गेले आनी तुमी लगेच सुरू केलात!"

पास्कलभाऊंनी शेपटी वर करून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. नवा मोजा काढून माझ्यापुढं धरला. चांगला माणूस. काही म्हशी गाभण असताना खोटा माज दाखवतात. खऱ्या माजाचा सोट पारदर्शक असतो आणि ताणला तर लांबतो. हे मी दर पावसाळ्यात नव्या मुलींना शिकवते. बोटावर घेऊन बघा, आधी पोट तपासा, मग गन उचला, असं घसा फोडून सांगते. आणि इथं स्वतः शेपटीकडं बघितलंसुद्धा नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी मोजा बदलला. ह्या वेळी गर्दीकडं बघितलं नाही. सावकाश हात घातला, मान ओलांडून पुढं, खाली. एका बाजूचं शिंग (गर्भाशयाला दोन शिंगं असतात) मोठं, मऊ, पाण्यानं भरलेलं. हलकेच दाबलं आणि बोटांखालून काहीतरी लहानसं सटकलं, मोठ्या उंदराएवढं. परत आलं, परत टेकलं. हजारो वेळा मी हे हातानं बघितलंय. तरी त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि दोन्ही हात घाण असल्यामुळं पुसताही येईना.

"तीन महिन्यांची गाभण आहे," मी म्हणाले. "नाना, मावशींचं खरं आहे."

शोभा माझ्या गळ्यात पडायला आली आणि मोजा बघून मागं सरली. मग ती सासूच्या गळ्यात पडली. पास्कलभाऊंनी गनमधली कांडी काढून फेकली. एकदा वितळली की ती परत गोठवता येत नाही. एवढ्या खटपटीनं मिळवलेली! मी तोंड वर करून बघू शकेना. ते म्हणाले, "जाऊ दे बाय. कांडी गेली, काम झालं. असं कधी होतं काय?"

नाना दावं हातात धरूनच बायकोला म्हणाले, "मला तरी सांगायचंस."

"तुमी टेम्पो बोलावलात तेव्हा मला इचारलंत?" मावशी म्हणाल्या. नानांनी दावं खुंट्याला बांधलं आणि केळीत निघून गेले.

मी हातपाय धुऊन मावशींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "नको गो, तू शिकलेली मानूस."

दुपारी त्यांनी उकडहंडी लावली. मडक्यात वाल, कंद, वांगी, ओल्या नारळाचं वाटण भरून, तोंड बंद करून, चुलीवर तास न् तास. मी त्यांच्याशेजारी पाटावर बसून वाल सोलले आणि त्यांना काशीबद्दल विचारत राहिले. कधी माजावर येते, कुठल्या कुशीवर बसते, खाणं कधी टाकते. त्यांना सगळं ठाऊक. गेल्या दीड वर्षातला एकेक माज त्यांना सणावरून, उपासावरून पाठ. ह्या घरात म्हशीचं पुस्तक चुलीपुढं बसलं होतं आणि आम्ही सगळे, मी धरून, दुसऱ्यांनाच विचारत होतो. तो रेडा कसा आहे तेही विचारलं. "काळाभोर, शांत," म्हणाल्या, "शिंगं मात्र आखूड." आणि पहिल्यांदा हसल्या. मी पण हसले. निघताना मी त्यांना सांगून ठेवलं की पुढच्या वेळी पहाटे सोट दिसला की शोभाला नाही, नानांना नाही, थेट पास्कलभाऊंना फोन करायचा. नंबर भिंतीवर खडूनं मोठा लिहून दिला.

रविवार

टेम्पो आला नऊला. व्यापारी उतरला, शिंगं बघून म्हणाला, "ही चढवायची कशी?"

नाना ओटीवर होते. त्यांनी आत बघितलं. तारामावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "गाभन म्हैस नाय देत आमी. चा घेऊन जा." व्यापारी बिचारा चहा घेऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. मला त्या रिकाम्या टेम्पोकडं बघून जे वाटलं ते सोळा वर्षांत कुठल्या सत्काराला वाटलं नाही.

मी सोमवारी निघाले. पिशवीत सुकेळी, नारळ, वालाचं पुडकं, पास्कलभाऊंच्या घरून आलेला केक. पोचवायला विरारच्या बसपर्यंत मावशी स्वतः आल्या. आता इकडं सांगोल्यात कुणाच्याही गोठ्यात गेले की मी आधी त्या घरात शेणघाण कोण काढतं, धुतं कोण ते विचारते, त्या बाईला बोलावते आणि ती बोलून संपेपर्यंत पात्राचं झाकण उघडत नाही. पुरुष मंडळी कंटाळतात. कंटाळू देत.

मे महिन्यात एका सकाळी मी शेजारच्या वस्तीवर होते. हात खांद्यापर्यंत म्हशीत, आणि फोन वाजायला लागला. मालकानं, भीमराव त्यांचं नाव, माझ्या कमरेच्या पिशवीतून काढून माझ्याच कानाला लावला. मला वाटलं शोभा. पण आवाज तारामावशींचा होता. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता. मागं पाण्याचा आवाज येत होता.

"सुमन," त्या ओरडून बोलत होत्या, लांबचा फोन म्हणून, "मी बावखलात हाय. घासत होते. आतून लाथ मारली गो! माज्या हातावर! आता परत मारली!"

मी नुसती उभी राहून रडत होते. भीमराव घाबरले. फोन बाजूला धरून हळूच विचारलं, "ताई, कोण गेलं का?"

"गेलं नाही कुणी, भीमराव," मी म्हटलं. "यायचंय."